झेलमची लढाई पोरसने जिंकली नव्हती

दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्याने फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: पोरसने झेलमच्या काठी सिकंदरला धूळ चारली, हत्तींनी ग्रीक फौज चिरडली, म्हणूनच पोरसचं राज्य घटण्याऐवजी वाढलं आणि सिकंदर तिथूनच घरी पळाला, ग्रीकांनी हे सगळं दडवलं.

'जिंकणारा कधी हरलेल्याला राज्य परत देतो का?' हा त्यातला सगळ्यांत पटणारा प्रश्न. देतो की! समुद्रगुप्ताच्या प्रयाग प्रशस्तीत दक्षिणापथाच्या बारा राजांना पकडून, सोडून, पुन्हा गादीवर बसवल्याची नोंद आहे. त्या बाराजणांनी समुद्रगुप्ताला हरवलं असं कुणी म्हणत नाही. शत्रू नमला की संतुष्ट होणाऱ्या विजेत्याला कौटिल्य 'धर्मविजयी' म्हणतो. पोरसला राज्य परत देण्यामागे सिकंदराचा हेतू धर्माचा नव्हे, सोयीचा होता. गौगामेलाच्या लढाईत आपल्याविरुद्ध लढलेल्या मझायस या इराणी सरदारालाच त्याने बाबिलोनचा कारभार दिला होता. मूठभर शिबंदी मागे ठेवून पंजाब सांभाळायचा, तर तिथलाच वजनदार माणूस हवा. पुढे सांगल शहराच्या वेढ्यात पोरस हत्ती आणि ५,००० माणसं घेऊन सिकंदराच्या मदतीला गेला. जेत्याने पराभूताच्या वेढ्याला कुमक न्यायची, हे जरा अजबच.

आता हत्ती. एरियन या ग्रीक इतिहासकाराच्या आकड्यांनुसार पोरसकडे मुख्य लढाईत २०० हत्ती, ३०० रथ, ४,००० घोडदळ आणि ३०,००० पायदळ होतं. बाकीचे लेखक वेगळे आकडे देतात. हत्ती पुढे, अंतरा-अंतरावर. मधल्या फटींमागे पायदळ. दोन्ही बगलांना घोडदळ आणि त्याच्यापुढे रथ. समोरून येणाऱ्या शत्रूसाठी ही रचना उत्तम होती, कारण हत्तीच्या वासाने, आवाजाने घोडे बिथरतात. पण सिकंदर समोरून आलाच नाही. क्रेटेरस या सेनापतीला छावणीत ठेवून तो सुमारे २७ किलोमीटर वर सरकला आणि पावसाच्या रात्री नदी उतरला. पोरसने मुलाला १२० रथ देऊन पुढे धाडलं, ते चिखलात रुतले. एकेका रथात सहा माणसं, हे रोमन लेखक कर्टियस सांगतो. एवढं ओझं ओल्या जमिनीवर काय धावणार? भारतीय धनुर्धर लांब धनुष्य जमिनीवर टेकवून बाण सोडत, आणि निसरड्या जमिनीवर ते धड टेकेना.

मुख्य लढाईत सिकंदराने आपलं घोडदळ पोरसच्या डाव्या बगलेवर घातलं. तिकडे मदतीला उजवीकडचे घोडेस्वार धावले, तेव्हा सिकंदराचा सेनापती कोइनस याने त्यांची पाठ धरली. दोन्हीकडून दाबलं गेलेलं घोडदळ हत्तींच्या आडोशाला गेलं. हत्तींनी सिकंदराच्या मॅसिडोनियन पायदळाचं मोठं नुकसान केलं, हे खरंच आहे. पण माहूत टिपले गेले आणि जखमी हत्ती आपपर न पाहता तुडवू लागले. शत्रूला मागे सरायला जागा होती, पोरसच्या माणसांना नव्हती. पोरस मात्र उजव्या खांद्याला जखम होईपर्यंत हत्तीवरून लढत राहिला. त्याचं हे लढणं मेसेजमध्ये कुठेच येत नाही. तिथे फक्त हत्ती जिंकतात.

'तिथूनच पळाला' हे तर नकाशा उघडला की संपतं. लढाई इसपूर्व ३२६ ची. त्यानंतर सिकंदर पूर्वेकडे गेला. चिनाब आणि रावी ओलांडून बियासपर्यंत. तिथे फौजेने पुढे जायला नकार दिला. आठ वर्षांची मोहीम, सततचा पाऊस आणि गंगेकडच्या प्रचंड सैन्याच्या बातम्या. पोरसशी झालेल्या लढाईनेही त्यांची हिंमत खचली होती, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क स्वतः लिहितो. मेसेजवाल्यांनी हे धरलं असतं तर त्यांची बाजू निम्मी तरी उभी राहिली असती. परततानाही तो सिंधूच्या मार्गाने लढतच गेला आणि मालव लोकांच्या बाणाने छातीत जखमी झाला.

राहिलं दडवणं. ग्रीकांनी आकडे फुगवले, यात शंका नाही. एरियनच्या मते सिकंदराचे फक्त ३१० मेले आणि पोरसचे २३,०००. डायोडोरस हा दुसरा ग्रीक इतिहासकार सिकंदराच्या बाजूला हजाराच्या आसपास मृत धरतो. पण याच लेखकांनी बियासवरचा नकार आणि परतीच्या वाळवंटातली वाताहत लिहून ठेवली आहे. शिवाय ते सगळे खोटे मानले तर पोरसही उरत नाही, कारण त्याचं नाव आपल्याला त्यांच्याकडूनच कळलं. दंतकथांकडे वळावं तर शाहनामा या फारसी महाकाव्यात सिकंदर 'फूर'ला, म्हणजे पोरसला, द्वंद्वात ठार मारतो!

काही मेसेजांना शेपूटही असतं: पोरसने पुढे निर्धोक राज्य केलं. प्रत्यक्षात सिकंदराच्या मृत्यूनंतर काही वर्षांत युडेमस नावाच्या मॅसिडोनियन अधिकाऱ्याने त्याला दगा देऊन मारलं आणि १२० हत्ती घेऊन तो पश्चिमेकडे निघून गेला.