ती चांदी हौसेची नव्हती

खोटे दागिने बनवणाऱ्या ट्रिफारी या अमेरिकी कंपनीवरचा लेख वाचला. कंपनीने चाळीसच्या दशकात चांदी वापरायला घेतली ती 'श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी', असं त्या लेखात म्हटलंय. हे चूक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नेहमीचे मिश्रधातू युद्धसामग्रीकडे वळवले गेले. दागिने करणाऱ्यांना ते मिळेनात, म्हणून चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन काम भागवलं. तेव्हाच्या पिनांच्या मागे 'स्टर्लिंग', म्हणजे अस्सल चांदी, असा शिक्का असतो. पोटाच्या जागी ल्यूसाइट या प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा बसवलेले 'जेली बेली' प्राणी-पक्षी, त्यातले कितीतरी याच ओढाताणीच्या दिवसांतले. युद्ध संपल्यावर कंपनीने चांदी सोडली आणि 'ट्रायफेनियम' नावाचा स्वतःचा मिश्रधातू आणला.

आणि 1955 चा निकाल लेखात यायचा कसा राहिला? ट्रिफारीने शॅरेल कंपनीवर नकलेचा खटला भरला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने खोट्या दागिन्यांनाही कलाकृती म्हणून कॉपीराइट मिळू शकतो, असं मान्य केलं. कार्टिए या नामांकित जवाहिऱ्यांसाठी दागिने घडवलेल्या, ट्रिफारीच्या डिझायनर आल्फ्रेड फिलिपसारख्या माणसाचं काम ते, त्याला हा मान मिळायलाच हवा होता! यानंतर शिक्क्यात कॉपीराइटचं चिन्ह दिसू लागलं, आणि जुना माल ओळखायला तेच सगळ्यात उपयोगी पडतं. इथे न्यू जर्सीत एका जुन्या बाजारात मी पानाच्या आकाराचा ब्रोच 'युद्धाआधीचा' म्हणून घेतला. घरी भिंगाखाली धरला तर नावाशेजारी ते चिन्ह स्पष्ट होतं. ब्रोच सुंदरच आहे, अजूनही वापरते. पण ही खूण लेखात असती तर नव्याने घेणाऱ्यांची फसगत टळली असती.