‘गणितात कसली चर्चा करता?’ हा मेसेज फिरतोय, त्याला एका गणिताच्या बाईचं उत्तर

गेल्या महिन्याभरात पालकांच्या तीन ग्रुपवर आणि शिक्षकांच्या दोन ग्रुपवर मला तोच मेसेज आला. थोडक्यात तो असा: गणित हा बोलायचा नाही, करायचा विषय आहे. उत्तर एकच असतं, मग चर्चा कशावर करणार? आपल्या पूर्वजांनी पाठांतरावर गणित उभं केलं, जपानवाले पण घोकून घोकून पुढे गेले, हे गटचर्चेचं फॅड बाहेरून आलंय. साठ पोरांच्या वर्गात त्याने नुसता गोंगाट होतो, सिलॅबस मागे पडतो, आणि हुशार पोरंच बोलतात, कच्ची तशीच राहतात. खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. आणि लोकांना पटतंय, चांगल्या चांगल्या शिक्षकांनीसुद्धा अंगठे दिलेत, म्हणून लिहायला बसले. मी सतरा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवतेय, मराठी माध्यम, वर्गात पन्नासच्या वर मुलं, म्हणजे मेसेजमधे ज्या वर्गाबद्दल लिहिलंय तोच वर्ग रोज माझ्यासमोर असतो.

आधी ‘उत्तर एकच असतं’ हे घेऊ, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, मान्य. पण चर्चा उत्तरावर करायचीच नसते, चर्चा ‘का’ वर असते. दहावीला पायथागोरसच्या आधी मी फळ्यावर मुद्दाम चुकीचं सोडवलेलं गणित लिहिते. काटकोनाच्या दोन बाजू ३ आणि ४, म्हणून कर्ण = √(९+१६) = ३+४ = ७. आणि सांगते की हे एकाने सोडवलंय, बरोबर की चूक ते शेजारच्याला पटवून द्या. मागच्या वर्षी अर्धा वर्ग लगेच ओरडला ‘चूक, उत्तर ५’, का तर ३-४-५ पाठ आहे. मी म्हणलं ५ येतं ते सोडा, ७ का येऊ शकत नाही ते सांगा. मग शांतता. दोन मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, बाई ३ ची आणि ४ ची काडी एका रेषेत ठेवली की ७ होतात, मग त्रिकोण उरतो कुठे? त्याच्या मागची मुलगी म्हणाली, तसं असतं तर मैदानातून तिरकं जाणं आणि कडेकडेने जाणं सारखंच झालं असतं, मग कोणी तिरकं गेलंच नसतं. आणि यानंतर, ज्या मुलाने वहीत खरोखरच ७ लिहिलं होतं त्याने विचारलं, ‘पण मग √(९×१६) ला ३×४ कसं काय चालतं?’

हा प्रश्न बघा. बेरजेला चालत नाही ते गुणाकाराला का चालतं? करणींच्या धड्याचा सगळा जीव या प्रश्नात आहे आणि तो माझ्याकडून नाही, चुकलेल्या पोराकडून आला. त्याला मी वीस गणितं सोडवायला दिली असती तर त्याने वीस वेळा ७ छाप उत्तरं लिहिली असती, मी वीस लाल फुल्या मारल्या असत्या आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कधीच कळलं नसतं.

मेसेजवाले म्हणतात सराव करा. अहो सराव हवाच, पण सरावाने जे डोक्यात असेल तेच पक्कं होतं, बरोबर असेल तर बरोबर आणि चूक असेल तर चूक. (अ+ब)² म्हणजे अ²+ब² असं धरून बसलेली मुलं मला दरवर्षी नववीत भेटतात, सूत्र तोंडपाठ असूनसुद्धा! सूत्र विचारलं की धडाधड म्हणतात आणि गणितात मधला २अब गायब. त्यांना एकदा ५ आणि ३ घेऊन करायला लावा, ६४ आणि ३४ समोरासमोर आले की ती स्वतःच थांबतात. मग चौरस काढून ‘हरवलेला भाग कुठे आहे ते शेजारच्याला दाखव’ म्हणायचं, ५ बाय ३ चे दोन आयत सापडतात, १५ आणि १५, बरोब्बर ३०. त्यानंतर सराव द्या, पाहिजे तेवढा द्या.

आणि उत्तर एक असलं तरी वाटा? ४९क्ष − ५७य = १७२ आणि ५७क्ष − ४९य = २५२. दहावीच्या मुलांना ही जोडी ओळखीची वाटेल. एक जण निश्चयक काढत बसतो, ४९ चा वर्ग ५७ चा वर्ग, पानभर आकडेमोड. दुसरी दोन्ही समीकरणांची बेरीज करते, १०६ ने भागते, क्ष − य = ४. मग वजाबाकी, क्ष + य = १०. क्ष ७, य ३, झालं. दोघांचं उत्तर बरोबर आहे. आता दोघांना फळ्याशी बोलवून नुसतं विचारायचं की बेरीज करावी हे तुला कशावरून सुचलं? ती म्हणते ‘आकडे अदलाबदल झालेले दिसले म्हणून’. हे वाक्य मी सांगितलं तर वहीत जातं, मैत्रिणीने सांगितलं की डोक्यात जातं, हे मी इतक्यांदा बघितलंय की मला त्यात आता शंका उरली नाही.

दुसरं, पूर्वजांचं. पाढे, पावकी, निमकी, सगळं पाठ असायचं हे खरं आहे आणि मला त्याचं मोल आहे, ७×८ ला अडणाऱ्या मुलाला अवयव पाडताना किती त्रास होतो ते मी रोज बघते. पण संध्याकाळचा परवचा मनातल्या मनात नव्हता हो, मोठ्याने होता, सगळ्यांनी मिळून होता. आणि पूर्वजांचं नाव घेताय तर भास्कराचार्यांची लीलावती कशी आहे ते पण सांगा ना, ११५० च्या सुमाराचा ग्रंथ, त्यात समोर बसलेल्या मुलीला ‘सांग बरं’ म्हणून प्रश्न विचारलेत, हंसांचे, भुंग्यांचे, मोडलेल्या वेळूचे. पुढे आपल्या कोकणातल्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मधे त्या ग्रंथावर भाष्य लिहिलं ते कशासाठी? नियमांच्या उपपत्ती देण्यासाठी. उपपत्ती म्हणजे हे असंच का, त्याचं कारण. म्हणजे नियम पाठ होता तरी लोकांना ‘का’ हवं होतं, आणि ‘का’ सांगणाऱ्याला मान होता. ही पण आपलीच परंपरा आहे, अर्धी सोयीची तेवढी उचलू नका.

जपानचं तर उलटं आहे. टिम्स म्हणून शाळेतल्या गणित-विज्ञानाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे, १९९५ च्या फेरीत त्यांनी जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं व्हिडिओ शूटिंग केलं. जपानी वर्गांत दिसलेली पद्धत अशी की शिक्षक एक अवघड गणित देतात, आधी काहीच सांगत नाहीत, मुलं आपापली झटतात, मग वेगवेगळ्या रीती फळ्यावर येतात आणि त्यावर बोलणं होतं. त्या बोलण्याला त्यांच्याकडे शब्द आहे ‘नेरिआगे’, मळून मळून एकजीव करणं या अर्थाचा. कणीक मळतो तसं. ‘ऐका, उतरवा आणि सोडवा’ ही पद्धत त्या अभ्यासात अमेरिकेच्या वर्गांत जास्त दिसली, जपानच्या नाही. तेव्हा चर्चेविरुद्ध जपानचं उदाहरण कृपा करून देऊ नका.

‘बाहेरून आलेलं फॅड’ यावर फार लिहीत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात स्वच्छ म्हणलंय की मुलांना गणित ही आपापसात बोलण्याची, चर्चा करण्याची, मिळून करण्याची गोष्ट वाटली पाहिजे. आपल्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘चर्चा करूया’, ‘विचार करूया’ अशा चौकटी आहेत, आपण त्या ओलांडून थेट सरावसंचावर जातो इतकंच.

गोंगाट. खरा प्रश्न आहे, बाजूच्या वर्गातून निरोप येतो हे मी अनुभवलंय. पण गोंगाट होतो तो सहा-सहाचे गट करून बाकं फिरवली की, आणि ‘चर्चा करा’ एवढंच सांगून सोडलं की. बाकं हलवायचीच नाहीत. एका बाकावर दोघं-तिघं असतातच, तेवढाच गट. आधी एक मिनिट प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी, हळू आवाजात, मग टाळी, मग मी बोलवीन त्यानेच बोलायचं. मी जुन्या दगडी पाट्या जमवल्यात, त्यावर उत्तर लिहून ‘पाटी वर’ म्हणलं की पन्नास उत्तरं एका नजरेत दिसतात आणि कोणती दोन उत्तरं एकमेकांसमोर उभी करायची ते मला लगेच कळतं. पाट्या नसतील तर वहीचं शेवटचं पान चालतं.

सिलॅबसचं गणित मांडूनच दाखवते. ३५ मिनिटांचा तास, त्यातली सात-आठ मिनिटं, आठवड्यात दोन-तीनदा. म्हणजे आठवड्याला साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटं. यापेक्षा जास्त वेळ माझा तेच तेच परत शिकवण्यात जात होता, एप्रिलमधे नववीच्या पोरांना सातवीचे अपूर्णांक समजावताना. आणि बोर्डाचा पेपर तरी बघा, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, त्यात चौकटी भरून कृती पूर्ण करायचे प्रश्न आहेत, म्हणजे दुसऱ्याने केलेला विचार वाचून पुढची पायरी ओळखायची. शेवटचा ३ मार्कांचा प्रश्न तर बऱ्याचदा पुस्तकात जसाच्या तसा सापडत नाही. तिथे घोकणारा मुलगा ‘हे शिकवलंच नाही’ म्हणून सोडून देतो, आणि ज्याला वर्षभर ‘तुला काय वाटतं’ विचारलंय तो निदान आकृती तरी काढतो.

आता शेवटचा मुद्दा, हुशार पोरंच बोलतात. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. हात वर करा म्हणलं की तेच पाच हात, पहिल्या दोन बाकांवरचे, आणि बाकीच्यांना कळलेलं असतं की आपण गप्प बसलो तरी तास निघतो. याला चर्चा म्हणतच नाहीत. दिखाव्याचे ‘उपक्रम’ पण मी बघितलेत, तपासणी आली की चार्ट पेपर, स्केच पेन, गटनेता वाचून दाखवतो आणि कोणी काही बोललेलं नसतं. त्याला वैतागून कोणी असा मेसेज लिहिला असेल तर त्या वैतागाशी माझं भांडण नाही. पण उपाय चर्चा बंद करणं हा नाही.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या तासांची टेप रेकॉर्डिंग्ज तपासली, विज्ञानाच्या वर्गांची, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते! तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली, कारणं यायला लागली, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. मी हे वाचलं तेव्हा मनात आकडे मोजून बघितलं, तीन सेकंद सुद्धा फार लांब वाटतात, जीभ शिवशिवते. आता पाचापर्यंत मोजते. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवते, चिठ्ठी येईल तो बोलणार. ‘येत नाही’ म्हणलं तरी बसायला सांगत नाही, ‘मग तुझ्या शेजारची काय म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणते. आधी दोन मिनिटं शेजारी बोलणं झालेलं असतं म्हणून सांगायला काहीतरी असतंच.

आठवीला मी एक वाक्य देते: ‘आयताचं क्षेत्रफळ वाढलं की परिमिती वाढते.’ नेहमी, कधीकधी, का कधीच नाही? तीन पर्याय, पाटीवर एक शब्द. ही पद्धत इंग्लंडचे गणित-शिक्षणाचे अभ्यासक माल्कम स्वान यांच्या साहित्यातून माझ्यापर्यंत आली, आणि आपल्याकडे काही खर्च न करता जशीच्या तशी चालते. पहिल्या फेरीला जवळजवळ सगळा वर्ग ‘नेहमी’ लिहितो, हुशार म्हणवणारे पाच हात धरून. मागच्या वर्षी एक मुलगी होती, चाचणीत वीसपैकी चार-पाचच्या वर कधी गेली नाही, तोंडातून शब्द नाही. तिच्या पाटीवर ‘कधीकधी’. चिठ्ठी न काढताच मी तिला विचारलं आणि पाच मोजले, मग आणखी पाच मोजले. ती म्हणाली, ‘आमच्याकडे आई फॉल-बिडिंग करते. साडीची लांब पट्टी कापली की कडा शिवायला दोरा जास्त लागतो आणि कापड थोडंच असतं.’ मी म्हणलं आकडे दे. तिने शेजारणीशी कुजबुजून १ बाय १२ ची पट्टी दिली, क्षेत्रफळ १२, परिमिती २६. मग ४ बाय ४ चा तुकडा, क्षेत्रफळ १६, परिमिती १६. क्षेत्रफळ वाढलं, परिमिती दहाने कमी झाली. पहिल्या बाकावरच्या मुलाने दोनदा बेरीज तपासली आणि आपल्या पाटीवरचं ‘नेहमी’ पुसलं.