सुखासाठी तत्त्वज्ञान शिकावे का?

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाने माणूस सुखी होतो का, या प्रश्नावर हल्ली स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन पंथातील विचारवंतांची दोन-चार वचने पुढे केली जातात. त्यांचे मोल मला मान्य आहे. घटना आपल्याला अस्वस्थ करत नाहीत, त्या घटनांविषयीची आपली मते अस्वस्थ करतात, हा त्यांच्यापैकी एपिक्टेटसचा विचार १९५० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मानसोपचारात आणला आणि अनेकांना त्याचा आधार मिळाला. परंतु एवढ्यासाठी विद्यापीठाची पायरी चढण्याची आवश्यकता नाही.

विद्यापीठात एपिक्टेटस पटू लागतो न लागतो तोच ॲरिस्टॉटल समोर उभा राहतो. सज्जन माणूस छळ सोसत असतानाही सुखीच असतो, असे म्हणणारे निरर्थक बोलतात, असे तो स्पष्ट सांगतो. मित्र, आरोग्य, पुरेसे धन यांवाचून सुख पुरे होत नाही, असे त्याचे मत आहे. यांपैकी कोणाचे खरे, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवून लिहावे लागते आणि न पटलेली बाजूही तिच्या समर्थकांना मान्य होईल इतक्या ताकदीने मांडावी लागते. हे काम एकट्याने वाचताना सहसा कोणी करत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये विचारले होते की, हवा तो अनुभव देणाऱ्या यंत्राला तुम्ही स्वतःला आयुष्यभर जोडून घ्याल का? नकार देणाऱ्याला मग सांगावे लागते की सुखद अनुभवापलीकडे त्याला नेमके काय हवे आहे. मला हा प्रश्न कोणत्याही उपदेशापेक्षा मोलाचा वाटतो, कारण ज्याच्यासाठी आपण वर्षानुवर्षे झटतो ते आपल्याला खरोखर हवे आहे का, हे तपासायला एरवी सवड मिळत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांचे उदाहरण मात्र विद्यापीठातील अभ्यासाविषयीच्या माझ्या या मताला अडचणीचे आहे. त्यांचे शिक्षण घरीच, वडिलांच्या देखरेखीखाली झाले. आपली सर्व उद्दिष्टे साध्य झाली तर आपण सुखी होऊ का, असे त्यांनी १८२६ मध्ये, विसाव्या वर्षी, स्वतःला विचारले आणि उत्तर नकारार्थी आले. त्यानंतरचे नैराश्य ओसरण्यास वर्ड्सवर्थ यांच्या कवितांचे मोठे साहाय्य झाले. तरीही, सुखाचाच पाठलाग केल्याने सुख लाभत नाही, दुसऱ्या एखाद्या ध्येयात रमलेल्याला ते वाटेत भेटते, हा निष्कर्ष त्यांनी आपल्या लहानपणापासूनच्या तत्त्वप्रणालीची कठोर फेरतपासणी करूनच काढला.

म्हणून हा विषय निवडणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, नैराश्य असेल तर डॉक्टरांकडेच जावे, तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यावर उपचार होत नाहीत. आणि पहिल्या वर्षी प्रश्नांनी मन अस्वस्थ झाले, तर तेवढ्यावरून विषय सोडू नये.