पाच पोरांची टक्केवारी

पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की गावाच्या ग्रुपवर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, शाळांची यादी फिरते. यंदा ढेबेवाडी खोऱ्यातली आमची झेडपीची शाळा तळाला. लगेच एकाने लिहिलं, ‘मास्तर पगार कशाचा घेतात? पोरं कराडला इंग्लिश मीडियमला घाला.’ इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या पाचवीत पोरं पाच. दोन नापास झाली की निकाल ६० टक्के. शहरात साठांच्या वर्गात दोन नापास झाली, तर तोच ९६च्या वर. हे आकडे एका यादीत मांडायचेच कशाला? साठपर्यंत पट असला की शिक्षण हक्क कायद्याने शिक्षक दोन. पहिली ते पाचवी त्या दोघांतच, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि निवडणुकीची कामं. माझी वहिनी त्या दोघांतली एक आहे, म्हणून हे जवळून माहीत आहे.

इंग्लंडने माध्यमिक शाळांसाठी २०१६ साली ‘प्रोग्रेस ८’ हे माप आणलं. प्राथमिक संपताना मूल कुठे होतं आणि सोळाव्या वर्षी कुठे पोचलं, हे तेवढ्याच तयारीच्या इतर मुलांशी ताडून बघतात. त्यातही गरीब वस्तीच्या शाळा मागे पडतात, ही त्याची उणीव. सरकारी शाळांवर एका शब्दाचा शिक्का मारायची तपासणीची पद्धत मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. त्याआधी एका मुख्याध्यापिकेने जीव दिला होता. त्याला तपासणीनेही हातभार लावला, असं मृत्यूच्या चौकशीत नोंदलं गेलं.

तुलना नको, असं मी म्हणत नाही. पोराला वाचता येत नसेल तर आईबापाला कळलंच पाहिजे. पण जूनमध्ये ते कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे आलं ते लिहा, शेजारी पट लिहा, शिक्षक किती तेही लिहा. कर्मवीरांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, ती ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्याचसाठी.

वहिनीच्या तिसरीत एक मुलगी आहे. बाप वाशीला माथाडी, पोर आजीकडे. जूनमध्ये तिला जोडाक्षर तर सोडाच, काना-मात्राही येत नव्हता. दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा फाट्यावर उभ्या एसटीची पाटी तिने बोट फिरवत मला वाचून दाखवली: ‘ढेबेवाडी – कराड’.