दलिद्दरावर सुटलेला बाण

सध्या एक दावा मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. जुन्या भारतीय चित्रांत गरीब माणूस नाही, जिकडेतिकडे मोत्यांच्या माळा आणि जरीचे जामे आहेत, राजा रविवर्मा यांच्या चित्रांतील स्त्रियाही दागिन्यांनी मढलेल्या आहेत. म्हणून इंग्रज येण्यापूर्वी या देशात दारिद्र्य नव्हतेच, ते इंग्रजांच्या लुटीने आले, असे त्यात म्हटले आहे. सोबतची चित्रे खरी आणि देखणी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

जुन्या चित्रांत गरीब माणूस नाही, हे पहिले विधानच टिकत नाही. अकबरनाम्यातील फत्तेपूर सिक्रीच्या बांधकामाच्या चित्रात दगड फोडणारे पाथरवट आणि ओझी वाहणारे मजूर दाटीवाटीने रंगवलेले आहेत.

दारिद्र्याचे तर थेट व्यक्तिचित्रच उपलब्ध आहे. जहांगीरच्या दरबारातील चित्रकार अबुल हसनचे मानले जाणारे, सुमारे १६२० ते १६२५ या काळातील एक चित्र आज लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर एका काळ्या, हाडे निघालेल्या, जवळजवळ उघड्या म्हाताऱ्यावर बाण सोडतो आहे. हा म्हातारा म्हणजे ‘दलिद्दर’, आपल्या ‘दळिद्र’चाच भाऊ, आणि बादशहाने औदार्याच्या बाणाने त्याला जगातून नाहीसे केले, असे चित्रावरील फारसी मजकूर सांगतो. ज्या दरबाराला दारिद्र्य ठाऊकच नव्हते, त्याने ते मारल्याची बढाई कशासाठी मारली असती?

या बढाईवर किती विश्वास ठेवावा, हे महाराष्ट्राला चांगले कळू शकते. अबुल हसननेच काढलेल्या दुसऱ्या एका चित्रात जहांगीर असाच गोलावर उभा राहून, भाल्याच्या टोकावर खोचलेल्या, अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही; १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला आणि १६२६ मध्ये तो वृद्धापकाळाने वारला. अंबर जसा केवळ कागदावर मेला, तसाच तो दलिद्दरही.

जहांगीर १६२७ मध्ये वारला आणि त्यानंतर तीनच वर्षांनी गुजरात व दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. आपली बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली, हे तुकोबांनी याच काळाबद्दल सांगितले आहे. शाहजहानच्या दरबाराचा इतिहासकार लाहोरी यानेही पादशाहनाम्यात या दुष्काळाचे अंगावर काटा आणणारे वर्णन केले आहे. त्याच ग्रंथाच्या इंग्लंडमधील विंडसर येथील सचित्र प्रतीत मात्र दरबार, वेढे, हत्ती आणि दारा शुकोहच्या लग्नाची मिरवणूक दिसते. लेखणीने जे नोंदवले ते कुंचल्याने गाळले, आणि आज त्या कुंचल्याच्या चित्रांनाच पुरावा म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रविवर्म्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्यांच्या दागिन्यांनी मढलेल्या स्त्रिया बहुतेक पुराणकथांतल्या किंवा श्रीमंत घरांतल्या आहेत, आणि ही चित्रे इंग्रजी अमलातली असल्यामुळे त्याआधीच्या काळाचा पुरावा म्हणून ती मुळातच गैरलागू ठरतात. शिवाय १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनासाठी चित्रे तयार करताना त्यांनी एक निर्धन भटके कुटुंबही रंगवले होते. पुढे पाठवल्या जाणाऱ्या संदेशात ते नेमके नसते.

इंग्रजी राजवटीने देशाला लुटले, हा दाव्यातला भाग मी नाकारत नाही. दादाभाई नौरोजींनी तो आकडेवारीनिशी मांडला. दरबारी चित्रांचा आधार त्यांना घ्यावा लागला नाही. आणि चित्रांकडेच पाहायचे असेल तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूरला जाऊन चित्रकार चित्तप्रसाद यांनी काढलेली रेखाटने पाहावीत. ती ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत छापून येताच इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या.