‘आयत्या नोट्स’ या आक्षेपाला उत्तर

माझ्या लेखावर शिक्षक म्हणून तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहिलं होतं, पण सकाळी वाचून पुसून टाकलं. रागात लिहिलेलं होतं. आता शांतपणे लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने वर्गात नोट्स घेणारा नेमून द्यावा, असं मी लिहिलं, आणि त्यामुळे या मुलांना आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची सवय लागेल. नोट्स काढणं हाच अर्धा अभ्यास असतो. अगदी अडलंच तर मित्राची वही आहे, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग आहे. आणि जो तासाला फिरकतच नाही, त्यालाही नोट्स घरपोच का?

अर्धा अभ्यास, हे मान्य. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा 2014 चा अभ्यास तुमच्याच बाजूने सांगता येईल. लॅपटॉपवर टाइप करणारे शब्दन् शब्द उतरवत गेले आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडले. (नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं.) पण त्यांचं स्पष्टीकरण बघा: हाताने लिहिणाऱ्याला सगळं उतरवणं जमत नाही, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. डोकं चालतं ते या निवडीत. आणि निवडायचं तर आधी सगळं पोचायला हवं ना?

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे बघत शिकणारी कर्णबधिर मुलगी डोळ्यांसमोर आणा. एक ओळ टिपायला तिने मान खाली घातली, ओळ लिहिली, मान वर केली. तोवर दुभाष्याचे हात दोन वाक्यं पुढे गेलेले. आपण वहीत बघत असतानाही कान चालू असतात. तिचे कान म्हणजे तिचे डोळेच, आणि तेच वहीला द्यायचे तर तास बंद पडतो. नोट्स दुसरं कुणी घेत असेल तर ती निदान पूर्ण तास ‘ऐकते’.

हाताचं गणित वेगळं. शिकवणारा मिनिटाला 100 च्या वर शब्द बोलतो आणि आपला हात जेमतेम 20-30 लिहितो. ही तूट आपण खुणा आणि अर्धेमुर्धे शब्द वापरून भरून काढतो. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही अशी अवस्था) ज्याचा हात एका ओळीशीच झगडतो, त्याची तूट अशा खुणांनी भरत नाही. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली जन्मजात अडचण) असलेल्याचं अर्धं लक्ष शब्द बरोबर लिहिण्यातच खर्ची पडतं.

रेकॉर्डिंग चांगलंच आहे, परवानगी मिळायलाही हवी. पण तासभराचं रेकॉर्डिंग ऐकायला तास लागतो, आणि थांबवत थांबवत टिपायचं म्हटलं तर दीड-दोन. दिवसाला चार तास असतील तर हिशेब तुम्हीच करा. शिवाय ‘हे इथून तिकडे गेलं, म्हणून हे शून्य’ हे वाक्य रेकॉर्ड होतं, फळा होत नाही. बोललेल्याचा आपोआप मजकूर करणारी सॉफ्टवेअर्स नेमकी विषयातल्या पारिभाषिक शब्दांवर आणि सूत्रांवर अडखळतात, आणि परीक्षेत तेच विचारलेलं असतं.

आता मित्राची वही. तो मित्र मीच होतो. वर्गातल्या एका अंध मित्राला मी नोट्स द्यायचो. सुरुवातीला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक पानावर ‘प्रतिमा’ एवढंच म्हणून गप्प. मग टाइप करून देऊ लागलो, तर आकृतीच्या जागी मी लिहिलेलं असायचं ‘फळ्यावरची आकृती पाहा’! हेही हळूहळू सुधारलं. मग एकदा आमचं भांडण झालं, कारण अगदीच फालतू होतं. आठ दिवस त्याने नोट्स मागितल्या नाहीत, मीही दिल्या नाहीत. चूक माझी होती आणि तास त्याचे बुडाले. मैत्रीवर टाकलेली सोय अशी असते, म्हणून ती कार्यालयाने करावी आणि लिहिणाऱ्याला त्याचा मोबदला द्यावा, असं मी म्हणतो. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून केलेला गरजेपुरता बदल, नाकारणं हा भेदभावच, असं संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारात लिहिलेलं आहे. तेव्हा हा उपकाराचाही मामला नाही.

तुमच्या निमित्ताने माझी एक चूक मात्र दुरुस्त करतो. ‘वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी निवडा’ असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. हुशार विद्यार्थी स्वतःला माहीत नसलेलं तेवढंच टिपतो, त्यामुळे त्याची वही सगळ्यांत रोडकी. रोज हजर असणारा, अक्षर सुवाच्य असलेला आणि त्याच दिवशी नोट्स देणारा बरा. पहिल्याच आठवड्यात त्याची दोन पानं ज्याच्यासाठी लिहिली त्याने वाचून बघावीत. शोधताना मात्र ‘याच्यासाठी कोण लिहील?’ असं भर वर्गात बोट दाखवून विचारू नये. मी ते पाहिलंय. त्यानंतर त्या मुलाने नोट्स नकोतच असं सांगितलं. नोट्स कार्यालयामार्फत गेल्या तर नाव कळायचं कारणच उरत नाही.

गैरहजेरीबद्दल आपलं एकमत आहे. या नोट्स हाताची उणीव भरून काढायला असतात, बुडवलेल्या तासाची नव्हे. दिव्यांगत्वामुळेच तास चुकत असतील तर ते सत्राच्या सुरुवातीला बोलून ठरवावं.

शेवटी तुमच्या वर्गातल्या ‘त्या’ मुलाबद्दल. तो नोट्सवर अवलंबून राहील अशी काळजी तुम्ही लिहिलीत, पण त्याला काय हवंय हे विचारलंत का, ते प्रतिक्रियेत दिसलं नाही. तासानंतर, कुणी आसपास नसताना विचारून बघा. कदाचित त्याला नोट्स घेणारा नकोही असेल. स्लाइड आदल्या दिवशी मिळाव्यात आणि फळ्यावर लिहिताना तुम्ही ते मोठ्याने वाचावं, एवढंच तो मागेल.