वीस टक्के म्हणजे नेमके किती, एवढं तरी सांगा!

सांगलीत राहून, उसापासून काढून पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलच्या नावानं बोंब मारायची म्हणजे घरातच वैरी तयार करायचे. चुलते कारखान्याचे सभासद, मेहुण्याचा ऊस, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला. तरी मी बोंब मारणार. त्या पेट्रोलचे पैसे मी भरतोय आणि वाट माझ्या पिकअपची लागलीय.

गाडी पेट्रोलवरची छोटी पिकअप, 2019 ची. तासगावची द्राक्षं घेऊन चिपळूणला उतरायचं आणि सीझनला तिकडून आंबा भरून कुंभार्ली घाट चढायचा, हा धंदा. कंपनीच्या सेटिंगवर भरलेली गाडी त्या घाटात रडायची. म्हणून रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं, हेडर म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर काढणारा पाइप बदलला, हवेचा फिल्टर मोठा टाकला. हौस म्हणा, पण हौसेलाही रोकडा मोजावा लागतो. सेटिंग करणाऱ्या ट्यूनरनं त्या वेळच्या पेट्रोलवर ठिणगीचं टायमिंग पुढं घेतलं, हवा-पेट्रोलचं मिश्रण बसवून दिलं आणि गाडी अशी काय पळायला लागली राव! जिथं दुसरा गिअर टाकून कण्हत जायची, तिथं तिसऱ्यावर हसत जायला लागली.

मग आलं हे ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. दहा टक्क्यांचं टार्गेट 2022 मध्ये गाठल्याचा गाजावाजा झाला, तिथवर ठीक होतं. वीस टक्क्यांचं मूळ ठरलं होतं 2030 ला. ते ओढून 2025-26 वर आणलं. ज्यांच्या गाड्या त्यासाठी बनल्याच नाहीत त्यांनी काय करायचं, हे कुणी सांगितलं? नवीन घ्या. बरं! कर्जाचा हप्ता तुम्ही भरणार का?

एक किलो पेट्रोल नीट जाळायला 14.7 किलोच्या आसपास हवा लागते. इथेनॉलला लागते 9 किलो. म्हणजे इथेनॉल वाढलं की तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायला पाहिजे. सपाट रस्त्यावर आरामात चाललं तर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि तो भरपाई करून घेतो. पण घाटात पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि ट्यूनरनं भरून ठेवलेल्या आकड्यांवर चालतो. ते आकडे कमी इथेनॉलचे! मग मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी नि हवा जास्त, एक्झॉस्ट तापलेला, गाडी हुंदके देतेय, मागं आंब्याच्या पेट्या, त्याच्या मागं एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न बडवतोय, आणि डॅशबोर्डवर इंजिनच्या बिघाडाचा तो पिवळा दिवा. नेमकी जिथं ताकद पाहिजे तिथंच बोंब.

आता लगेच कुणीतरी शहाणपण शिकवायला येणार, की इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याचा आकडा, जास्त असतो. असतो की! शंभराच्या वर असतो. माझा इथेनॉलवर राग नाहीच. अमेरिकेत हौशी लोक मुद्दाम ई-85 वर, म्हणजे पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत इथेनॉलवर, गाड्या ट्यून करतात, टर्बोचा दाब वाढवतात, कारण त्यावर इंजिन लवकर नॉक होत नाही, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून आतून ठोके बसत नाहीत. पण ते इंधनाच्या लाईनमध्ये सेन्सर बसवतात. टाकीत आज इथेनॉल किती आलं ते तो मोजतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंधन नि टायमिंग बदलतो. ब्राझीलमध्ये तर कंपनीतूनच कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या 2003 पासून मिळतात, आणि तिथं पंपावर इथेनॉल वेगळं घेता येतं. कुठलं भरायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. आमच्याकडं? नळ एक, रेट एक, आणि प्रश्न विचारला की तोंडं वाकडी.

ट्यूनरला म्हटलं, परत मॅप कर बाबा. तो म्हणाला, ‘करतो की, पण किती टक्क्यांवर करू? टाकीत नेमकं किती येतं ते कुठं कळतंय?’ बरोबर आहे त्याचं. जेवायला माणसं किती ते न सांगता आचाऱ्याला पंगत उठवायला लावल्यासारखं झालं हे. पंपावर विचारलं तर पोरगा म्हणतो, ‘साहेब, पाचशेचं टाकू का हजारचं?’ मॅनेजरला गाठलं, तर ‘वरनं येतं तसं देतो’. अरे, पण वरनं काय येतं? बिलावर लिटर आहे, रेट आहे, गाडीचा नंबर आहे, मी काय विकत घेतलं तेवढंच नाही! ‘प्रीमियम टाका’ म्हणणारे वेगळेच. जादा पैसे मोजून बहुतेक ठिकाणी तेच इथेनॉल.

अ‍ॅव्हरेजचं रडगाणं मी गाणार नव्हतो, पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, हे शाळेतलं पोरगं सांगेल. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय, की दहा टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-20 वर सहा-सात टक्क्यांनी पडेल. म्हणजे माहीत होतं! मग सहा-सात टक्के रेट कमी का नाही केला? तिथं बरोबर गप्प.

चुलते म्हणतात, ‘आपल्याच शेतकऱ्याच्या घरात पैसा येतोय, तुला का दुखतंय?’ काका, येऊ दे की पैसा. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यायचा कायदा आहे, ते मिळत असेल वेळेवर तर माझ्या गाडीची ओवाळणी समजा. मिळतंय का? आणि 2023-24 च्या हंगामात देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल उसाचं नव्हतंच, धान्याचं होतं. मका आणि तांदूळ. हे ऐकल्यापासून काका माझ्याशी फक्त पावसावर बोलतात.

आणि पाऊस म्हटलं की आणखी एक. इथेनॉल पाणी ओढतं. आमच्या कृष्णाकाठच्या दमट हवेत गाडी महिनाभर उभी राहिली तर मला झोप लागत नाही. इथेनॉलनं खाल्लेलं जुन्या होजपाइपांचं रबर तर मी बघायचंच सोडलंय.

शेवटी मेस्त्रीनं टायमिंग मागं ओढून दिलं. दिवा लागायचा थांबला, गाडी परत दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागली. ताकद वाढवायला पैसे दिले ते मी, ती काढून घ्यायलाही पैसे दिले ते मीच. आणि आंब्याचा व्यापारी फोनवर विचारतोय, ‘हल्ली उशीर का होतोय तुम्हाला?’